वाचकाच्या बाजूचे अक्षर

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग रत्नागिरी तालुक्यात हातखंब्याच्या तिठ्यावर आला, म्हणजे तेथून पश्चिमेस रत्नागिरी शहराकडे उतरणारा रस्ता फुटतो. आणि रस्ते जेथे फुटतात तेथे पाट्या येतातच, या न्यायाने त्या तिठ्यावर गावांची नावे, अंतरांचे आकडे, खानावळी आणि दुकाने यांच्या अक्षरांची दाटी असते. या अक्षरांकडून अपेक्षा एकच, ती ही की धावत्या वाहनातील माणसाला त्यांनी निमिषार्धात आपला मजकूर पोहोचवावा. म्हणून ती ठसठशीत, सर्वांगी सारख्या जाडीची आणि मोठ्या आकाराची असतात, आणि तशी असणेच योग्य होय. परंतु त्याच हातखंब्यातील एखाद्या घरात श्रावणात पोथी लागते, किंवा रात्रीची जेवणे आटोपल्यावर कोणी सहाशे पानांची कादंबरी उघडून बसतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे जे अक्षर येते त्याचे कर्तव्य अगदी निराळे असते. पाटीच्या अक्षराने लक्ष वेधून घ्यावे, ग्रंथाच्या अक्षराने लक्ष मुळीच मागू नये. वाचकाने तीन तास वाचावे, आणि अक्षर कसे होते असे कोणी पुसले असता त्याला उत्तर देता येऊ नये, ही ग्रंथाक्षराच्या यशाची खरी कसोटी. या दुसऱ्या प्रकारच्या अक्षराचा, म्हणजे दीर्घ वाचनासाठी घडविलेल्या पारंपरिक देवनागरी मुद्राक्षराचा, वृत्तान्त येथे सांगावयाचा आहे.

आपण वाचतो तेव्हा डोळा ओळीवरून अखंड सरकत जातो, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात पॅरिसमधील नेत्रवैद्य लुई एमिल जावाल यांनी वाचताना डोळा लहान लहान उड्या घेत पुढे जातो ही गोष्ट जगापुढे मांडली, आणि पुढील संशोधनाने असे ठरले की प्रत्येक दोन उड्यांच्या मध्ये डोळा साधारणतः पाव सेकंद स्थिर होतो व त्या अवकाशात काही अक्षरांचा पुंज एकदम टिपतो. तासाभराच्या वाचनात असे हजारो मुक्काम घडतात. एखाद्या मुक्कामी घ आणि ध, भ आणि म, किंवा थ आणि य यांच्यातील भेद चटकन लक्षात आला नाही, तर डोळा किंचित मागे वळतो. वाचकाला हे जाणवतही नाही, परंतु पन्नास पाने झाल्यावर जो शीण येतो आणि ज्याचा दोष तो बिचारा लेखकाच्या शैलीला देतो, तो शीण पुष्कळदा या न जाणवलेल्या माघारींचा साठलेला हिशेब असतो.

युरोपात या प्रश्नाचे उत्तर ज्या घडणीने दिले, ती रोमन अक्षराच्या टोकांना बारीक आडवी पावले असलेली घडण. तिचे मूळ प्राचीन रोमच्या शिलालेखांत आहे; 1470 मध्ये व्हेनिस येथे निकोलास जेन्सन याने तिला ग्रंथमुद्रणाचे असे रूप दिले की पुढील पाच शतके पाश्चात्त्य पुस्तक बहुतांशी त्याच वळणावर चालले. 3 ऑक्टोबर 1932 पासून लंडनच्या 'द टाइम्स'ने वापरात आणलेले आणि स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली तयार झालेले 'टाइम्स न्यू रोमन' हे त्याच वंशातले. अशी पावले असलेले अक्षर वाचण्यास सोपे की पावलांवाचूनचे, याविषयी पुष्कळ प्रयोग झाले व त्यांचा निकाल एकमुखी लागलेला नाही. माझ्या मते वाद पावलांचा नाहीच. ज्या अक्षरात लेखणीची जाडी-बारीकी टिकली आहे, पोकळ्या उघड्या आहेत आणि ओळीला एक स्थिर आधार आहे, ते वाचकास मानवते. आणि देवनागरीत हा आधार शिरोरेषेच्या रूपाने आमच्या पूर्वजांनी आधीच देऊन ठेवलेला आहे.

जाडी-बारीकी बोरूने दिली. बोरूचे टोक तिरके छाटलेले असते, आणि देवनागरीच्या बोरूचा छेद रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असल्यामुळे आमच्या अक्षरात रेषा ज्या ठिकाणी भरते व ज्या ठिकाणी निमुळती होते ती ठिकाणेही निराळी पडतात. रोमन अक्षराच्या सवयीने देवनागरी काढणाऱ्याचे अक्षर शुद्ध असूनही परके दिसते, त्याचे कारण हेच. पोथी लिहिणारा लेखक हा बोरू सावकाश चालवी. उलट पेशवाईच्या दफ्तरात जो कारकून रोजकीर्द लिही, याद्या करी, सनदांच्या व तहनाम्यांच्या नकला उतरी, त्याला सवड नव्हती. त्याने मोडी पत्करली, आधी कागदभर शिरोरेषा ओढून घेतली, आणि लेखणी शक्य तितकी न उचलता मजकूर रेटला. मोडी लिहिणाऱ्याच्या सोयीची, बालबोध म्हणजे देवनागरी वाचणाऱ्याच्या सोयीची. एकाच समाजाने एकाच काळी दोन्ही लिप्या बाळगल्या, कारण एकाचे सुख दुसऱ्याच्या कष्टातून येते हे त्याला पक्के ठाऊक होते. रुमालात बांधून ठेवावयाचा कागद मोडीत उतरला तरी चालेल, पण ज्ञानेश्वरी बालबोधीतच उतरली पाहिजे, हा दंडक त्या जाणिवेतून आला. अक्षराच्या इतिहासात घडविणारा आणि वाचणारा यांच्यातला हा व्यवहार पुन्हा पुन्हा पुढे येतो, आणि कोणत्या काळी कोणाची बाजू घेतली गेली हे पाहिले की त्या काळाच्या छापील पानाचे स्वरूप उलगडते.

देवनागरी खिळ्यांनी छापलेले मराठी पुस्तक प्रथम बंगालात श्रीरामपूर येथे आकारास आले. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण तेथून 1805 मध्ये देवनागरी खिळ्यांत निघाले, आणि 1810 चा त्यांचा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांत छापला गेला. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने देवनागरी खिळ्यांची विद्या रुजविली व टॉमस ग्रॅहम यांनी तेथे अक्षराचे वळण पुष्कळ सुधारले. त्याच छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर दहा वर्षांचा एक गरीब मुलगा लागला. त्याचे नाव जावजी दादाजी. 1839 मध्ये जन्मलेल्या या मुलाला शाळेचे शिक्षण जवळजवळ नव्हते. परंतु खिळा घासता घासता अक्षराचा कोणता कोपरा कोठे झिजतो, कोणती रेषा छापताना भरून येते आणि कोणती तुटते, हे ज्ञान त्याच्या बोटांना झाले, आणि 1864 मध्ये त्याने स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना घातला. 1869 मध्ये त्यातून निर्णयसागर छापखाना उभा राहिला. मुंबईच्या कोलभाट गल्लीतील या संस्थेने 1886 पासून 'काव्यमाला' काढून संस्कृत वाङ्मयाचे जे मुद्रण केले, त्याचा लौकिक काशीपासून युरोपातील विद्यापीठांपर्यंत गेला. 1892 मध्ये जावजी वारले; त्यांच्यामागे काम थांबले नाही.

या लौकिकात अर्धा वाटा ज्या हातांचा होता ते हात राणोजी रावजी आरू यांचे. मूळ ठसे कोरणारा कारागीर पुस्तकावर कोठेही दिसत नाही. मुखपृष्ठावर लेखक, प्रकाशक आणि छापखाना यांची नावे येतात, आणि ज्याच्या रेषांतून प्रत्येक शब्द वाचकाकडे गेला तो अनाम राहतो. म्हणून त्याचे काम काय असे ते सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते. पोलादाच्या लहानशा कांबीच्या टोकावर अक्षर उलटे, कानशीने आणि कोरणीने, उठावात कोरावयाचे. मधूनमधून त्या टोकावर दिव्याची काजळी धरून कागदावर त्याचा ठसा घ्यावयाचा आणि रेषेत केसाइतका फरक करावयाचा. मनासारखे झाले म्हणजे पोलादाला पाणी देऊन ते कठीण करावयाचे व तांब्याच्या तुकड्यावर ठोकावयाचे. तांब्यात उमटलेला तो खोल ठसा म्हणजे मातृका. ती साच्यात बसवून शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा तयार. एका अक्षराचे हे झाले. देवनागरीत स्वर, व्यंजने, त्यांची अर्धी रूपे, क्ष, ज्ञ, द्ध, ङ्क, ट्ठ यांसारखी जोडाक्षरे, वेलांट्या, उकार, मात्रा, रफार अशी कित्येक शे रूपे लागतात, आणि आकार बदलला की हे सारे पुन्हा नव्याने कोरावे लागे.

नव्याने कोरावे लागणे हे वाचकाचे भाग्य होते. तळटीपेचे लहान अक्षर कोरताना कारागीर ते मोठ्या अक्षराची नुसती लहान प्रत करीत नसे. तो त्याला अंमळ रुंद करी, पोकळ्या मोकळ्या ठेवी, बारीक रेषांना थोडा भर देई, कारण लहान आकारात शाई पसरून पोकळी बुजते हे त्याला अनुभवाने ठाऊक असे. आज एकच आराखडा संगणक हवा तितका लहान-मोठा करतो, आणि शीर्षकात शोभणारे अक्षर तळटीपेत काळ्या ठिपक्यांची ओळ होऊन बसते.

निर्णयसागरच्या जुन्या पुस्तकाचे पान उघडून त्यातील एक ओळ सावकाश पाहावी, अशी माझी वाचकाला विनंती आहे. प्रथम अक्षराची रुंदी नजरेत भरते. व, ब, क यांच्या पोटातील वर्तुळे ऐसपैस आहेत, आणि अक्षराच्या आतली पांढरी जागा व दोन अक्षरांमधली पांढरी जागा यांचे प्रमाण असे राखलेले आहे की ओळीचा रंग कोठेही डागाळत नाही. उभे दंड भक्कम आहेत. वळणे मात्र बोरूच्या चालीने भरत आणि निमुळती होत जातात, त्यामुळे घ आणि ध यांचे माथे एका दृष्टिक्षेपात वेगळे पडतात. जोडाक्षरे वरखाली रचलेली आहेत, मोडून आडवी पसरलेली नाहीत. 'बुद्धी'तला द्ध हा एक जीव आहे, त्यात पाय मोडलेला द आणि शेजारी उभा ध अशी फारकत नाही. वाचकाला जोडाक्षराची एक सबंध आकृती परिचित असते; जोडाक्षर मोडले की ती आकृती मोडते. आणि ओळींमध्ये भरपूर हवा आहे. देवनागरीच्या एका ओळीत वस्तुतः तीन मजले असतात: वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर, खाली उकार व ऋकार. म्हणूनच 12 पॉइंटांचे मराठी अक्षर 12 पॉइंटांच्या इंग्रजीपेक्षा लहान दिसते, आणि दोन्हींसाठी ओळींचे अंतर सारखेच ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. जुन्या जुळाऱ्यांना हे सांगावे लागत नसे.

पण जुळाऱ्याचे कष्ट मोठे होते. खिळ्यांनी भरलेल्या कित्येक घरांच्या केसांपुढे उभे राहून एकेक खिळा उचलावयाचा, वापर झाल्यावर फर्मा सोडून प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या घरात टाकावयाचा. दर आठवड्याला ठरलेल्या वारी निघणाऱ्या वर्तमानपत्राला ही चैन परवडणारी नव्हती. हे दुःख ज्यांनी नेमके ओळखले ते लोकमान्य टिळक, 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीतच जन्मलेले. 'केसरी' चालविताना 1904 च्या सुमारास त्यांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा उद्योग हाती घेतला. पुढे 190 खिळ्यांपर्यंत आलेला हा संच 'टिळक फाँट' या नावाने ओळखला जातो. डिसेंबर 1905 मध्ये काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत त्यांनी एक लिपीच्या प्रश्नावर भाषण केले, तेही याच चिंतनाचे अंग. पुढे 1924 ते 1937 या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीचा पुरस्कार केला, इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र रूपे सोडून अ लाच वेलांट्या-उकार देण्याची बाराखडी मांडली, आणि काही नियतकालिकांनी ती वापरलीही. समुद्रापलीकडे न्यूयॉर्क येथे हरि गोविल यांनी 1930 नंतरच्या दशकात लायनोटाइप यंत्रासाठी देवनागरी बसविली. हातखंब्याच्या तिठ्यावरून जो रस्ता खाली उतरतो, त्या रस्त्याच्या टोकाशी असलेल्या एकाच शहराशी आधुनिक देवनागरीच्या दोन मोठ्या सुधारणांचा संबंध यावा, ही या मुलखाला भूषणावह अशी गोष्ट आहे.

त्या सुधारणांच्या हेतूविषयी माझ्या मनात आदरच आहे. स्वस्त आणि त्वरित मुद्रणाशिवाय लोकशिक्षण घडले नसते. तथापि हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की या साऱ्या तजविजी जुळाऱ्याच्या आणि यंत्राच्या बाजूने केलेल्या होत्या, आणि त्यांची किंमत वाचकाच्या डोळ्यांनी भरली. जोडाक्षरे मोडली, पाय मोडण्याच्या खुणा वाढल्या, वेलांट्या आखूड झाल्या आणि आपल्या दंडापर्यंत पोहोचेनाशा झाल्या, कारण यंत्रात ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचे एकेकच रूप बसे व अक्षरे मात्र अरुंदही असत आणि रुंदही. धातूचे मुद्रण जाऊन सपाट मुद्रण आले तेव्हा आणखी एक गोष्ट घडली: धातूचा खिळा कागदात दाबला जाई आणि शाई कडांशी किंचित पसरे, त्यामुळे रेषा भरदार उमटत, नव्या पद्धतीत तो भर नाहीसा झाला, आणि जुन्या वळणांच्या नकला कागदावर रोडावलेल्या दिसू लागल्या. या सर्व स्थित्यंतरांची नोंद शासकीय मुद्रणालयांचे संचालक राहिलेले बापूराव नाईक यांनी 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' या 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ज्या साक्षेपाने केली आहे, तसे काम भारतातील फारच थोड्या लिप्यांच्या वाट्याला आले असेल.

आता प्रश्न असा, की ज्या अडचणींसाठी वाचकाला त्रास दिला त्या अडचणीच उरल्या नाहीत, तरी तो त्रास चालू का राहावा? संगणकाला 190 रूपे आणि 1000 रूपे यांत श्रमाचा भेद नाही; वेलांटीचे दहा रुंदींचे प्रकार त्याला दिले, तर तो प्रत्येक अक्षरास योग्य तो निवडून लावतो. र. कृ. जोशी यांनी राज्य मराठी विकास संस्थेसाठी घडविलेले 'यशोमुद्रा' हे अक्षर मराठी वळणाचा असाच विचार करून आले. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेल्या 'शोभिका'चा देवनागरी भाग त्यावरच आधारलेला आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने 2015 मध्ये मूर्ती अभिजात ग्रंथमाला सुरू केली, तेव्हा तिच्यासाठी फियोना रॉस आणि जॉन हडसन यांनी टिरो या संस्थेतर्फे देवनागरीची जी मुद्राक्षरे केली, त्यांची प्रेरणा निर्णयसागरच्या परंपरेतून घेतलेली होती. त्याच घराण्यातील 'टिरो देवनागरी मराठी' आज कोणासही विनामूल्य उपलब्ध आहे. त्याचे पोट मोकळे, रेषा भरदार, जोडाक्षरे उभी रचलेली. ठळक प्रकार त्यात नाही, आणि मला ते उणे वाटत नाही. दीर्घ वाचनाच्या पानावर ठळक ठशांची पेरणी करण्याची सवय ही मुळात पाटीची सवय आहे.

या अक्षराच्या नावात 'मराठी' हा शब्द शोभेसाठी आलेला नाही. ल आणि श या दोन वर्णांचे मराठी वळण हिंदीहून वेगळे आहे. लहानपणी पाटीवर गिरविलेला पाकळीचा ल आणि देठाचा श हे आपले; दंडाचा ल आणि शेंडीचा श हे उत्तरेकडचे. संगणकात दोन्ही भाषांना सांकेतिक क्रमांक एकच असल्यामुळे, मजकूर मराठी आहे हे सांगितल्याखेरीज पुष्कळ मुद्राक्षरे हिंदी रूप पुढे करतात, आणि पाट्यांवर, पाठ्यपुस्तकांत, वर्तमानपत्रांत ती रूपे नकळत रुळतात. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले व 10 नोव्हेंबर 2022 च्या निर्णयाने ते अद्ययावत करताना पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा स्पष्ट आदेश दिला. महामार्गावरील फलकाने वाहनचालकाला अमुक गाव अमुक अंतरावर आहे एवढे सांगितले की त्याचे काम झाले, तेथे ल कोणता यावरून अपघात होत नाही. पण पुस्तकात प्रत्येक पानावर शेकडो वेळा येणारा परका ल वाचकाच्या डोळ्याला प्रत्येक वेळी अणुमात्र अडवितो, आणि या अणूंचीच बेरीज पुढे शीण म्हणून भोगावी लागते.

चांगले अक्षर निवडून भागत नाही, हे मुद्रकाने ध्यानात ठेवावे. ओळ फार लांब झाली तर परत येताना डोळा चुकून त्याच ओळीवर येतो. पुस्तकी पानावर नऊ ते बारा शब्दांची ओळ मला सर्वांत सुखाची वाटते. ओळींचे अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी असावे. कागद झळझळीत पांढरा नसावा. दोन्ही कडा जुळविण्याच्या हट्टापायी शब्दांमध्ये खिंडारे पडू देऊ नयेत, कारण मराठी शब्द लांब असतात आणि ते तोडण्याचे नियम आपण अजून नीट बसविलेले नाहीत. यांतल्या एकाही गोष्टीला विशेष खर्च नाही, पृष्ठे थोडी वाढतील इतकेच. आणि ती वाढलेली पृष्ठे वाचकाला नेहमी कमी वाटतात, कारण ती लवकर वाचून होतात.

रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 पासून चालत आलेले आहे. महाराष्ट्रातील अशा प्रत्येक वाचनालयाच्या सभासदाला माझे सांगणे आहे की पुस्तक परत करताना त्याच्या कथानकाविषयी जसे बोलता तसे त्याच्या अक्षराविषयीही बोला. अक्षराने त्रास झाला असेल तर प्रकाशकास पत्र लिहून कळवा, सुख झाले असेल तर तेही कळवा. आणि प्रकाशकांनी ज्या पृष्ठावर मुद्रकाचे, मुखपृष्ठकाराचे नाव असते, त्याच पृष्ठावर पुस्तक कोणत्या मुद्राक्षरात जुळविले आहे आणि ते कोणी घडविले, ही एक ओळ छापण्याचा प्रघात पाडावा. राणोजी आरूंना त्यांच्या हयातीत ही ओळ लाभली नाही. त्यांच्या मागून येणाऱ्यांना ती द्यावयास आजच्या पुस्तकापासून प्रारंभ करता येईल.